लेकीचं ‘मॅकबेथ’ आणि घरचं मराठी: अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये अभिजात साहित्य अभ्यासताना

दहावीतल्या लेकीचा ‘मॅकबेथ’वरचा पहिला निबंध परत आला, तेव्हा समासात शिक्षिकेची एकच ओळ होती: ‘गोष्ट मला ठाऊक आहे. तुला काय दिसलं?’ खाली बी मायनस. चूक तिची कमी, माझी जास्त. आदल्या आठवड्यात मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून सगळ्या नाटकाचा अर्थ सांगितला होता. सरदार मॅकबेथला चेटकिणी भेटल्या, त्याने राजाचा खून केला, बायकोला वेड लागलं, शेवटी पाप फळाला आलं. तिने तेच चांगल्या इंग्रजीत उतरवून दिलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेतली. साहित्याचा अभ्यास म्हणजे संदर्भासह स्पष्टीकरण, स्वभावचित्र आणि गाईडमधलं तयार तात्पर्य, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. न्यू जर्सीत राहून दोन मुलांच्या मागे बसून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण ‘मॅकबेथ’चंच घेते, कारण नववी ते बारावीत कधी ना कधी ते बहुतेक मुलांच्या वाट्याला येतं, आणि शेक्सपिअरच्या शोकांतिकांत ते सगळ्यात आटोपशीर आहे. जेमतेम २१०० ओळी. ‘हॅम्लेट’ जवळपास दुप्पट.

आधी, वर्गात नेमकं काय मागतात

अमेरिकेत देशभरासाठी एक ठरलेली पुस्तकांची यादी नाही. गावोगावची शाळा-मंडळं आणि शिक्षक ठरवतात. तरी नववीत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, दहावीत ‘मॅकबेथ’ किंवा ‘ज्युलियस सीझर’, अकरावीला अमेरिकन साहित्य, असा साचा पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्याचं मूळ जुनं आहे. १८७४ च्या सुमारास हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत ठरावीक इंग्रजी पुस्तकांवर निबंध मागायला सुरुवात केली. त्या पहिल्या यादीत शेक्सपिअरची नाटकं होती, आणि शाळा ती पुस्तकं शिकवू लागल्या. म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या मागे धावणं हा काही फक्त आपलाच रोग नव्हे.

मागणी मात्र वेगळी असते. कथानक सगळ्यांनी वाचलेलं आहे असं धरूनच वर्ग सुरू होतो. मुलाने एखादा उतारा हातात घेऊन त्यातले शब्द, वाक्यांची मोडणी, ध्वनी, प्रतिमा काय काम करतात ते दाखवायचं. आपल्या दहावीच्या मराठीच्या पेपरातल्या कवितेच्या रसग्रहणाला हे सगळ्यात जवळचं. तुम्हाला रसग्रहण येत असेल, तर निम्मी वाट तुमची चालून झालेली आहे. बारावीत एपी लिटरेचर (कॉलेजच्या पातळीचा साहित्याचा विषय) घेणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगते. त्या परीक्षेत तीन निबंध असतात आणि प्रत्येकाला ६ गुण. त्यातला १ तुमच्या मुद्द्याला, १ समज किती खोल आहे त्याला, आणि तब्बल ४ पुराव्याला आणि पुराव्याच्या उलगड्याला. कथानक सांगण्याला शून्य.

पायरी पहिली: पुस्तक आणि वेळ

शाळा देते ते पुस्तक परत करायचं असतं, त्यात लिहिता येत नाही. म्हणून स्वतःची एक प्रत घ्याच. शेक्सपिअरला वाहिलेल्या फोल्जर लायब्ररीची खिशात मावणारी आवृत्ती मुलांना सोयीची पडते, कारण उजव्या पानावर नाटक आणि डाव्या पानावर शब्दार्थ असतात. डोळा भरकटत नाही. तेच नाटक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं आणि एखादा शब्द नाटकात कुठे कुठे आलाय ते शोधता येतं. हा शोध पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मूळ ओळींच्या शेजारी आजचं सोपं इंग्रजी देणारी पुस्तकंही मिळतात. मी ती घरातून हद्दपार केली नाहीत, पण नियम केला: आधी मूळ दोनदा, मोठ्याने, मग हवं तर सोपं. उलट क्रमाने वाचलं की मूळ ओळी वाचल्याच जात नाहीत, हे मी दोन्ही मुलांत पाहिलंय. चॅटबॉटलाही हाच नियम लावला. लेकीच्या वर्गात आता महत्त्वाचे निबंध तासालाच, हाताने लिहून घेतात, त्यामुळे उधारीचा अर्थ तिथे उपयोगाला येत नाही.

पाच अंक आहेत. आठवड्याला दीड अंक धरला तर महिन्याच्या आत नाटक होतं. रोज पंचवीस मिनिटं पुरे. शनिवारी तीन तास बसवण्याचा प्रयोग आम्ही केला. त्यात नाटक कमी आणि रडारड जास्त झाली.

पायरी दुसरी: पार्श्वभूमी, पण चहाच्या कपापुरती

मुलाला इतिहासाचं व्याख्यान देऊ नका. चार गोष्टी पुरतात.

१६०३ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. त्याला चेटूकविद्येचं भारी वेड. १५९७ मध्ये त्याने त्यावर स्वतः पुस्तक लिहिलं होतं. १६०५ च्या ५ नोव्हेंबरला राजासकट पार्लमेंट बंदुकीच्या दारूने उडवण्याचा कट उघडकीला आला. त्या खटल्यात एका जेझुइट पाद्र्यावर, हेन्री गार्नेटवर, दुहेरी अर्थाचं बोलून सत्य लपवल्याचा ठपका आला आणि १६०६ च्या मे महिन्यात त्याला फाशी झाली. ‘मॅकबेथ’ साधारण त्याच सुमाराचं. दुसऱ्या अंकात दारवान झिंगलेल्या अवस्थेत नरकाचा पहारेकरी असल्याची नक्कल करतो आणि दुहेरी बोलणाऱ्या माणसाला आत घेतो. तो विनोद कुठून आला, ते आता कळतं. चेटकिणींची भविष्यंही याच जातीची, शब्दाने खरी आणि अर्थाने दगा देणारी.

चौथी गोष्ट मुलांना सगळ्यात आवडते. खरा मॅकबेथ होऊन गेला. त्याने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडवर राज्य केलं, आणि नाटकातला राजा डंकन पाहुणा म्हणून आलेला असताना अंथरुणात मेला नव्हता, लढाईत मारला गेला होता. शेक्सपिअरने जो इतिहासग्रंथ समोर ठेवला, त्या हॉलिन्शेडच्या ग्रंथात बँको, मॅकबेथचा सोबती सरदार, हा मॅकबेथचा कटातला साथीदार आहे. नाटकात तो स्वच्छ निघतो. का? जेम्सचं घराणं स्वतःला बँकोचं वंशज मानायचं. नाटककाराने इतिहासात काय बदललं आणि त्या बदलाने गुन्हा किती जड झाला, हा प्रश्न मुलाच्या वहीत पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

पायरी तिसरी: तोंडाने वाचा

ही पायरी चुकवलीत तर पुढचं सगळं फुकट जाईल. आपल्याकडे पाठांतर होतं, इथल्या मुलांना मोठ्याने वाचायची लाज वाटते. म्हणून मी स्वतः माझ्या सांगलीच्या उच्चारांत वाचायला सुरुवात केली. लेक आधी हसली, मग माझे उच्चार सुधारता सुधारता स्वतःच वाचायला लागली. पालकाचं इंग्रजी अडखळतं असण्याचा हा एक फायदा.

वाचताना ओळीच्या शेवटी थांबू नका, विरामचिन्हापाशी थांबा. मुलांना न कळण्याचं निम्मं कारण हेच असतं की ती वाक्य मधेच तोडतात.

मग ताल. मॅकबेथचं नाटकातलं पहिलंच वाक्य घ्या: ‘सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन’, म्हणजे इतका वाईट आणि इतका छान दिवस मी पाहिला नाही. टेबलावर बोटांनी ठेका धरा, हलका-जड, हलका-जड, पाच वेळा. सरदार मंडळी बहुतेक याच ठेक्यात बोलतात. चेटकिणींचा ठेका उलटा आणि आखूड आहे, जड-हलका, एखाद्या बडबडगीतासारखा. तेवढ्यानेच अंगावर काटा येतो. दारवान गद्यात बोलतो. आणि पहिल्या तीन अंकांत पद्यात बोलणारी लेडी मॅकबेथ पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, झोपेत चालताना, गद्यात बोलते. ठेका सुटतो तेव्हा माणसाचं काय सुटलेलं असतं, एवढं विचारा आणि गप्प बसा. उत्तर मुलाला देऊ द्या.

त्या पहिल्या वाक्याचं आणखी एक आहे. ‘फाउल’ आणि ‘फेअर’ ही जोडी त्याच्या आधी पहिल्या प्रवेशात चेटकिणींच्या तोंडी येऊन गेलेली असते. मॅकबेथ अजून त्यांना भेटलेला नाही, आणि बोलतो मात्र त्यांच्याच शब्दांत. माझ्या मते वर्गात पहिल्या आठवड्यात बोलायला याच्याहून चांगला मुद्दा नाही.

पायरी चौथी: फसवे शब्द, आणि ‘तू–तुम्ही’चा आपला ठेवा

अवघड शब्दांनी मुलं अडत नाहीत, त्यांचे अर्थ डाव्या पानावर असतात. अडतात ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी. ‘वेअरफोर’ म्हणजे कुठे नव्हे, ‘का’. ‘प्रेझेंटली’ म्हणजे आत्ता, ताबडतोब. ‘वीअर्ड’ म्हणजे विचित्र हा अर्थ नंतरचा. मूळ शब्द नियतीसाठीचा होता, त्यामुळे त्या तिघी विचित्र बहिणी नसून नियतीच्या बहिणी आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी करत जा. पंधरा-वीसच्या पुढे ती जात नाही.

‘दाऊ’ (तू) आणि ‘यू’ (तुम्ही) मात्र आपल्या मुलांच्या हातातला हुकमी पत्ता आहे, आणि तो पडून राहतो. इंग्रजीत आज एकच ‘यू’ उरल्यामुळे वर्गातल्या बाकी मुलांना हा फरक टीप वाचून लक्षात ठेवावा लागतो. आपल्या मुलांच्या कानात आजीला ‘तुम्ही’ आणि भावाला ‘तू’ लहानपणापासून आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात नवरा खुनापासून माघार घेतो, तेव्हा लेडी मॅकबेथ त्याच्याशी आधी ‘यू’ने बोलते. मधेच, ‘तुझं प्रेमही आता असंच समजायचं’ म्हणताना, ‘दाय’ आणि ‘दाऊ’वर उतरते, घाबरलास का म्हणते, भित्रा ठरवते. त्याने गप्प केल्यावर परत ‘यू’. मी लेकीला विचारलं, एखादी बाई भांडणात ‘अहो’वरून एकदम ‘अरे’वर आली तर काय समजायचं? ती म्हणाली, ‘आई, एक तर खूप चिडलीय, नाहीतर खूप जवळ आलीय.’ दोन्ही अर्थ त्या ओळींत बसतात. कोणता जास्त बसतो हे ठरवणं म्हणजेच निबंध.

पायरी पाचवी: खुणा कमी करा

पिवळ्या हायलाइटरने रंगवलेलं पान म्हणजे न वाचलेलं पान. आम्ही पेन्सिलीच्या तीनच खुणा ठेवल्या: कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, तोच शब्द परत आला तिथे गोल, आणि माणूस पलटला तिथे आडवी रेघ.

गोल केलेले शब्द वहीत वेगवेगळ्या पानांवर उतरवायचे, अंक-प्रवेश-ओळ अशा क्रमाने. ‘मॅकबेथ’मध्ये रक्त आणि हात, झोप, अंगात न बसणारे कपडे, अशा माळा लगेच हाताला लागतात. रक्ताची माळ सगळा वर्ग घेतो. शिक्षकांनी त्यावरचे शेकडो निबंध वाचलेले असतात. आमच्या वहीत सगळ्यात लठ्ठ झालेलं पान एका साध्या क्रियापदाचं होतं: ‘डू’ आणि ‘डन’. पहिल्या प्रवेशाच्या तिसऱ्याच ओळीत चेटकीण धुमाळी ‘डन’ झाल्यावर भेटू म्हणते. तिसऱ्या प्रवेशात दुसरी एक ‘मी करीन, करीन आणि करीन’ म्हणून धमकावते. खून करून आलेला मॅकबेथ ‘डीड’ केल्याचं सांगतो. तिसऱ्या अंकात बायको त्याची समजूत घालते, जे ‘डन’ ते ‘डन’. पाचव्या अंकात तीच बाई झोपेत म्हणते, जे ‘डन’ ते ‘अनडन’ होत नाही.

पायरी सहावी: एक स्वगत, मराठीत

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा ती जागा. पहिला अंक, सातवा प्रवेश, मॅकबेथचं स्वगत, २८ ओळी. शेजारच्या दालनात राजा जेवतोय. नोकर ताटं घेऊन रंगमंचावरून जातात, आणि यजमान पंगत सोडून बाहेर येऊन स्वतःशी बोलतोय. मी लेकीला म्हटलं, याचं मराठी कर. पूर्ण नको, पहिल्या दोन ओळींचं.

इंग्रजीत त्या दोन ओळींत ‘डन’ तीनदा येतो. तिने आधी लिहिलं, ‘जर ते केलं जाईल जेव्हा ते केलं जाईल’. हे मराठी नव्हे, हे तिलाच कळलं. मग तिने विचारलं, ‘पहिला डन म्हणजे संपलं आणि दुसरा म्हणजे केलं, असं आहे का?’ बरोबर. इंग्रजीतला एकच शब्द ‘करून टाकलं’ही सांगतो आणि ‘संपलं’ही. मराठीत ती दोन क्रियापदं आहेत. शेवटी तिची ओळ अशी झाली: ‘एकदा केलं की संपलं, असं असतं, तर लवकर केलेलंच बरं.’ मॅकबेथला हे दोन अर्थ एकच असायला हवे आहेत, आणि ते एक नाहीत हे त्याला ठाऊक आहे. उरलेलं नाटक त्या दोघांमधल्या अंतरात घडतं.

पुढची अडचण आणखी कामाची निघाली. ‘केलं’ म्हटलं की मराठी कान विचारतो, कोणी? तिने कर्ता शोधायला सुरुवात केली आणि ओळी मोजत गेली. पहिल्या बारा ओळींत ‘मी’ नाही. आधी नुसतं ‘ते’. मग ‘असॅसिनेशन’ (हत्या) असा लांबलचक, लॅटिन वळणाचा शब्द, जणू दुसऱ्याच कोणाच्या कामाचं नाव. मग ‘हा घाव’. मग ‘आपण’, म्हणजे सगळी माणसं. ‘मी’ येतो तेराव्या ओळीत, जेव्हा तो स्वतःचं नातं सांगतो: मी त्याचा आप्त, त्याची प्रजा, आणि आज त्याचा यजमान. लगेच पुढे ‘खुनी’ हा शब्द येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘सुरा मी स्वतः’. दूरवरचं ‘ते’ सोळा ओळींत त्याच्या मुठीपर्यंत येऊन पोचतं. नातं उच्चारल्यावरच सुरा दिसतो.

यातलं काहीही मी सांगितलं नव्हतं. मला ते दिसलंही नव्हतं. मराठी करताना जिथे हात अडला, तिथेच मुद्दा सापडला. म्हणून माझा आग्रह: मुलाचं मराठी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, रोमन अक्षरांत लिहिलं तरी चालेल, पण एका उताऱ्याच्या चार ओळींचं भाषांतर करायला लावाच. गुण द्यायचे नाहीत, शुद्धलेखन तपासायचं नाही. अडलं कुठे, तेवढंच विचारायचं. उलट जाणाऱ्या जागाही टिपा. तिसऱ्या अंकातलं ते ‘डन’ मराठीत आपोआप ‘झालं ते झालं’ होतं, आपण रोज म्हणतो तसं. लेडी मॅकबेथ तिथे ‘केलं’वरून ‘झालं’वर सरकते, आणि ‘झालं’ला कर्ता लागत नाही. इंग्रजीत हे सरकणं झाकलेलं राहतं.

ध्वनीही ऐका. याच स्वगतात ‘सर्सीज’ आणि ‘सक्सेस’ शेजारी शेजारी येतात, एक मरण आणि एक यश. मोठ्याने वाचलं की स-कारांची कुजबुज ऐकू येते. भिंतीपलीकडे राजा जेवतोय, विसरू नका. आणि शेवट पाहा. महत्त्वाकांक्षा उडी मारते आणि पलीकडे पडते, एवढं म्हणतो न म्हणतो तोच बायको आत येते आणि वाक्य तुटतं.

पायरी सातवी: वर्गातली चर्चा

आपली मुलं इथे गुण घालवतात. गोल करून बसायचं, शिक्षक बोलत नाहीत, मुलांनीच एकमेकांशी बोलायचं, आणि त्याला गुण असतात. मोठ्यांच्या मधे बोलू नये हे आपण शिकवलेलं, ते इथे आड येतं. आम्ही एका कार्डावर तीन गोष्टी लिहून न्यायची सवय लावली: एक ओळ तिच्या क्रमांकासह, त्या ओळीबद्दल खरोखर पडलेला एक प्रश्न, आणि एक मोकळी जागा, जिथे दुसरा कोणी बोललेला मुद्दा लिहायचा आणि त्याला जोडून बोलायचं. पहिल्या दहा मिनिटांत एकदा बोलायचं. नंतर धीर होत नाही.

पायरी आठवी: निबंध

मुद्द्याचं वाक्य आधी. ‘मॅकबेथ महत्त्वाकांक्षेमुळे नाश पावतो’ यावर कोणी वाद घालू शकत नाही, म्हणून तो मुद्दाच नव्हे. लेकीने दुसऱ्या निबंधासाठी लिहिलं त्याचा आशय असा: ‘मॅकबेथ गुन्ह्यापासून स्वतःला लपवण्यासाठी कर्ता नसलेली भाषा वापरतो, पण नात्याचं नाव घेताच ती भाषा त्याला सोडून जाते.’ हे कोणी खोडू शकतं, आणि सिद्ध करायला ओळी लागतात.

प्रत्येक परिच्छेदात अवतरण छोटं घ्या, तीन-चार शब्दांचं, आणि त्याच्यावर निदान दुप्पट लिहा. अवतरणानंतर ‘यावरून असं दिसतं की’ लिहून तेच वाक्य सोप्या इंग्रजीत परत सांगणं, ही माझ्या लेकीची जुनी खोड. शब्दाकडे बोट दाखवा: हाच शब्द का, दुसरा का नाही. मॅकबेथने ‘मर्डर’ म्हणायचं सोडून आधी ‘इट’ का म्हटलं?

यांत्रिक भाग पटकन सांगते. इथल्या शाळांत संदर्भ देण्याची बहुधा एमएलए पद्धत असते. कंसात अंक, प्रवेश आणि ओळी टिंबांनी तोडून: १.७.१–२. पान क्रमांक नाही. तीन ओळींपर्यंतचं पद्य वाक्यातच, ओळ जिथे मोडते तिथे तिरकी रेघ. तीनपेक्षा जास्त असेल तर नव्या ओळीवर, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय. साहित्याबद्दल लिहिताना वर्तमानकाळ: मॅकबेथ म्हणतो, म्हणाला नव्हे. वर्गात पुस्तकाशिवाय लिहायचं असेल तर दहा छोटी अवतरणं पाठ हवीत. पाठांतराची आपली परंपरा इथे उपयोगी येऊ दे.

सिनेमा आणि मराठी रंगभूमी

वाचून झाल्यावर. विशाल भारद्वाजचा ‘मकबूल’ (२००३) ही गोष्ट मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणतो आणि चेटकिणींच्या जागी दोन पोलीस बसवतो, कुंडली मांडणारे. हिंसा आहे, त्यामुळे मुलाचं वय पाहून. कुरोसावाचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ (१९५७) कृष्णधवल आणि जपानी आहे, तरी मुलं टक लावून बघतात. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: भविष्य सांगणारे कोण केलेत, आणि का?

आपल्या रंगभूमीवर हे नाटक फार पूर्वी आलं. शि. म. परांजप्यांनी त्यावरून ‘मानाजीराव’ केलं, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’. आजीला व्हिडिओ कॉलवर विचारा, तिने शेक्सपिअर कोणत्या नावाने पाहिला होता. आमच्या आईने ताबडतोब ‘किंग लिअर’वरून सुचलेल्या ‘नटसम्राट’चं नाव घेतलं आणि स्वगताचा तुकडा म्हणून दाखवला. लेकीला ‘लिअर’ अजून यायचा होता.

बाकीची पुस्तकं

हीच पद्धत कादंबरीला लावताना उतारा निवडणं जास्त महत्त्वाचं, कारण पानं पुष्कळ. ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) मध्ये पहिल्या प्रकरणाची शेवटची दोन पानं आणि पुस्तकाची शेवटची दोन पानं समोरासमोर ठेवून वाचा, हिरवा दिवा दोन्हीकडे आहे. ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) सुरू होण्याआधी जकात कार्यालयावरचं लांबलचक प्रास्ताविक येतं. मुलं तिथेच बुडतात. शिक्षकांची हरकत नसेल तर ते शेवटी वाचा. ‘हकलबेरी फिन’मध्ये कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द पानोपानी आहे. तो शब्द उच्चारण्याबद्दल वर्गाचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या, आणि घरी जातीवरून आलेल्या मराठी शिव्यांबद्दल बोलायची तयारी ठेवा, कारण मुलं ते विचारतातच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायचं पुस्तक जूनमध्ये जाहीर होतं आणि त्यावरचं लेखन सप्टेंबरात शाळा उघडताच मागतात. मधे आपली भारतवारी. पुस्तक चेक-इन बॅगेत टाकू नका, पुण्याला पोचल्यावर ते लोणच्याच्या बरण्यांखाली जातं आणि ऑगस्टअखेर सापडतं. हातातल्या पिशवीत ठेवा, पेन्सिलीसकट.